कैरीच्या रंगाचा स्वेटर

माझ्या सासूबाईंचा देवावर भरवसा होता आणि माझा शाळेच्या घंटेवर. मी पंचवटीतल्या एका प्राथमिक शाळेत शिकवत असे. तिथे घंटा झाली की तास सुरू, पुन्हा झाली की तास संपला, मधे कोणाचं काही चालत नाही. दूध तापेपर्यंत स्टोव्हपाशी उभं राहायचाही धीर माझ्यात नव्हता, त्यामुळे आमच्या घरचं बरंचसं दूध ओट्यावरच सांडलं. अशा बाईला देवाने वाट बघायला लावली, आणि तीही वर्षानुवर्षं.

वाट मुलाची. सत्तरच्या दशकात, लग्न होऊन दुसरा नाताळ आला तरी बाईच्या कडेवर काही नाही म्हटल्यावर ओळखीपाळखीचे सगळे डॉक्टर होत. माझ्या शाळेतल्या बाई मला अमुक झाडाचा पाला सुचवत, भाजीबाजारातली ओळखीची मेथीवाली देवीची ओटी भर म्हणे, आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका उपास सांगत. खऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही तपासून सांगितलं होतं, सगळं ठीक आहे, धीर धरा. मला वाटायचं, काहीतरी बिघडलेलं निघालं असतं तर निदान दुरुस्त तरी केलं असतं.

घरात आम्ही तिघं. हे, म्हणजे माझे यजमान, नाशिक रोडच्या छापखान्यात कामाला. दोन्ही वेळ बसने किंवा सायकलने एवढं अंतर कापायचं आणि घरी आल्यावर बोलायचं मात्र मोजून दोन वाक्यं. त्यातलं एक ‘पाणी दे’ असे. आणि सासूबाई. आमची ख्रिस्ती वस्ती त्र्यंबक रोडच्या बाजूला, चर्चच्या आवाराला लागून. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे शेवग्याचं झाड. त्या पडवीत सासूबाईंची वेताची खुर्ची कायमची मांडलेली.

सासूबाई मूळच्या सटाण्याकडच्या. नाशकात इतकी वर्षं काढली तरी त्यांची बोली काही पुरती शहरी झाली नाही, आणि मन भरून आलं की तोंडातून ‘आहे’च्या जागी माहेरचं ‘शे’च यायचं. मी कधी रडकुंडीला आले, की त्या विणकामातून मान वर न करता म्हणायच्या, “देव शे ना.” बस्स. पुढे नाही, मागे नाही. मला त्याचा असा राग यायचा की सांगता सोय नाही. देव आहे हे मलाही माहीत होतं. मला तारीख हवी होती.

पाऊस सरला की दर वर्षी त्या मेन रोडवरून लोकर आणायच्या. तेव्हा लोकर लडीत मिळायची. लडीचा गुंडा करायचा तर दुसऱ्या कोणीतरी लडी दोन्ही हातांत अडकवून समोर बसावं लागतं. त्या मला हाक मारायच्या, “सूनबाई, हात पुढं कर.” मी कितीही फुरंगटलेली असले तरी बसावंच लागे. हात असे अडकलेले असले की माणसाला भांडणातून उठून जाता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मनातलं जे काही असेल ते त्या वेळीच बोलून घ्यायच्या.

आणि त्या लोकरीचा त्या विणायच्या काय, तर तान्ह्या बाळाचा स्वेटर. दर वर्षी एक. समोरून उघडा, तीन बटणांचा, तळहाताएवढ्या बाह्यांचा. रंग असा निवडायच्या की मुलगा असो वा मुलगी, चालून जावा.

हा स्वेटर आमच्यासाठी नसे, हंगामाच्या सणासाठी असे. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली की आमच्या मंडळीत एका रविवारी हा सण होतो. ज्याच्या शेतात, परसात, हाताखाली जे काही पिकलं त्यातलं पहिलं देवाला आणून द्यायचं. उसाच्या मोळ्या, भोपळे, बाजरीची कणसं, पाय बांधलेल्या कोंबड्या, खेड्यांतून आलेल्या कांद्याच्या गोण्या, शहरातल्या बायकांचे केक आणि लोणची. उपासना झाली की बाहेर मांडवात त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि आलेला पैसा देवाच्या कामाला जातो. त्यातही एक गंमत असते. घेतलेली वस्तू घरी न्यायलाच हवी असं नाही. ‘पुन्हा देवाला’ म्हणून परत दिली की तिची पुन्हा बोली. एखादं साधं लिंबू असं सगळ्या मांडवात फिरून शेवटी कोंबडीपेक्षा महाग पडतं, आणि ज्याला पडतं तो ऐटीत खिशात घालून घरी नेतो.

आम्हाला शेत नव्हतं. सासूबाईंचं पीक म्हणजे तो स्वेटर.

दर वर्षी तो कोणीतरी घ्यायचं, आणि मग हिवाळाभर मला तो दिसत राहायचा. आज पोपटी स्वेटर पुढच्या गल्लीतल्या बाळाच्या अंगात, उद्या गेल्या वर्षीचा हळदीच्या रंगाचा चर्चच्या पायऱ्यांवर रांगताना. एकदा तर शाळेतून येताना पंचवटीच्या भाजीबाजारात एका अनोळखी बाईच्या कडेवर सासूबाईंची वीण ओळखली. कोणीतरी पुढे दिला असणार. त्या बाळाला बघून मी हसले आणि वांगी न घेताच घरी आले.

त्या वर्षी लडी हातात अडकवून बसले असताना मी बोललेच. “आई, यंदा मोठ्या माणसाची कानटोपी विणा. लहान बाळांचं पुष्कळ झालं.”

त्या गुंडा गुंडाळत राहिल्या. “कानटोपी तूच वीण. मला बाळाचंच येतं.”

“पण कोणासाठी?”

“ज्याला लागंल त्याला. आपल्याला लागंल तवा आपल्याला.”

“आणि लागलंच नाही तर?”

त्यांचे हात थांबले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी यांच्याकडूनही कधी ऐकलं नव्हतं. यांच्या जन्माआधी सासूबाईंनीही अशीच वर्षं काढली होती. भावकीतल्यांनी सासऱ्यांना दुसरं लग्न कर म्हणून भंडावून सोडलं. सासरे म्हणाले, आमचं लग्न देवासमोर झालंय, भावकीसमोर नाही, आणि पाटावरून उठून शेतावर निघून गेले. “तुझा नवरा काय लवकर आला व्हता का?” सासूबाई म्हणाल्या. “आला तोही न बोलता आला. रडलासुद्धा उशिरा. सुईण घाबरली व्हती.”

मला हसू फुटलं. हात अडकलेले, त्यामुळे तोंडही झाकता येईना.

त्या वर्षीची लोकर कैरीच्या रंगाची होती. झाडावरच्या, अजून पिवळी न पडलेल्या कैरीचा तो रंग. स्वेटर विणून झाला, बटणं लागली, आणि सासूबाईंनी इस्त्रीसाठी तो माझ्या हातात दिला, तेव्हा मला तो खाली ठेववेना. इतकी वर्षं मी प्रत्येक स्वेटरला इस्त्री केली होती. हा मात्र मला हवा होता. का, ते सांगता येणार नाही. भरवसा वगैरे काही नाही, नुसती हाव म्हणा.

पण मागणार कशी? सासूबाईंना मागितला तर ती देवाची वस्तू. लिलावात मी स्वतः बोली लावली तर सगळा मांडव वळून माझ्याकडे बघेल आणि प्रत्येकाच्या तोंडावर ‘बिचारी’ लिहिलेलं असेल. या शब्दाचं आणि माझं कधी जमलं नाही. शेवटी मी शेजारच्या मावशींना गाठलं. मावशी दवाखान्यात नर्स. पन्नाशी उलटलेल्या, लग्न न केलेल्या, आवाज असा की वॉर्डाच्या त्या टोकाचा पेशंट उठून बसावा. म्हटलं, “मावशी, तुम्ही तुमच्या नावाने घ्या. कोणाला बोलू नका.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, “पैसे परवडतील तिथपर्यंत की मिळेपर्यंत?” मी म्हटलं, मिळेपर्यंत.

लिलाव पुकारायचे ते शाळेतून निवृत्त झालेले एक पी.टी.चे मास्तर. भोपळासुद्धा ते असा उचलून धरायचे की जणू ढालच जिंकून आणली आहे. मांडवात पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. स्वेटर निघाला आणि मावशींनी हात वर केला. बायकांनी चमकून पाहिलं. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने दुसरी बोली आली. बोली लावणारे होते आमचे पेटीवाले. चर्चमध्ये पेटी वाजवायचे, छापखान्यात यांच्याबरोबर काम करायचे, आणि चाळिशी ओलांडली तरी सडेफटिंग.

मावशींनी बोली वाढवली. पेटीवाल्यांनी त्यांच्यावर वाढवली. मावशी उभ्या राहिल्या. पेटीवालेही उभे राहिले. घरात मूल नाही, लग्न नाही, लग्नाची शक्यता नाही, अशी दोन माणसं तान्ह्या बाळाच्या स्वेटरसाठी हमरीतुमरीवर आलेली बघून मांडव हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मागून कोणीतरी म्हणालं, “अहो, दोघं मिळूनच घ्या की.” चर्चच्या पाळकसाहेबांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. सासूबाई माझ्या शेजारी बसून फुलून गेल्या होत्या. आपल्या विणीला एवढी मागणी आलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. मी मात्र खाली मान घालून मनातल्या मनात पेटीवाल्यांना नको नको ते बोलत होते. नेहमी गुळमुळीत बोलणारा माणूस, आजच याला कुठून ऊत आला?

बोली कोंबड्याच्या पुढे गेली, उसाच्या मोळीच्या पुढे गेली. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. ‘मिळेपर्यंत’ म्हणाले होते खरं, पण आता माझं धैर्य सरलं. मी हळूच मान हलवली आणि मावशी खाली बसल्या. कैरीच्या रंगाचा स्वेटर पेटीवाल्यांना गेला.

घरी येऊन मी भांडी घासायला बसले. म्हणजे आपटायला. सासूबाई पडवीत पाय पसरून बसल्या होत्या. संध्याकाळी हे आले, सायकल भिंतीला टेकवली आणि लिलावात घेतलेल्या भोपळ्याची पिशवी खिळ्याला अडकवली. मी भोपळा चिरायला म्हणून पिशवीत हात घातला. भोपळ्याखाली काहीतरी मऊ लागलं.

मी तो स्वेटर बाहेर काढला आणि यांच्याकडे बघतच राहिले.

हे जमिनीकडे बघायला लागले. “मीच सांगितलं होतं त्याला,” म्हणाले. “माझ्यासाठी घे म्हटलं. तर त्या मावशी काही केल्या मागे हटेनात.”

“मावशींना मी सांगितलं होतं,” मी म्हटलं.

मग माझ्या पोटातून असं हसू आलं की मी तिथेच ओट्याला टेकून खाली बसले. हेही हसायला लागले. यांना असं खळखळून हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहत होते. हसता हसता मला रडू आलं आणि मग कुठलं हसू, कुठलं रडू ते कळेनासं झालं. हे माझ्याशेजारी फरशीवर बसले. म्हणाले, “दर वर्षीच वाटायचं. यंदा राहवलं नाही.” एवढंच. पण मला वाटत होतं, वाट मी एकटीच बघतेय, आणि हा माणूस नुसता बसच्या वेळा बघतोय. त्या एका वाक्याने इतक्या वर्षांचं माझं एकटेपण गेलं.

आवाज ऐकून सासूबाई आत आल्या. सगळी हकीकत ऐकून त्यांनी पदर डोळ्यांना लावला, तो हसूनच. “म्हंजी आपल्याच घरचा स्वेटर, आन् तुम्ही दोघंच एकमेकांवर बोली चढवत बसले? देवाची चंगळ झाली म्हनायची यंदा.”

“तुम्हीच एखादा ठेवून द्यायचा होतात की, आई,” मी म्हटलं. “इतकी वर्षं विणताय.”

“मी कशी देऊ? न मागता दिला असता तर तुला टोचला असता,” त्या म्हणाल्या. “मागायचं असतं गं बाई. मागायला लाज कसली?”

सासूबाई स्वेटरबद्दल बोलत होत्या, पण माझ्या मनाला ते दुसरीकडेच जाऊन लागलं. आमच्याकडे संध्याकाळी तिघांची प्रार्थना असे. त्यात मी सगळ्यांच्या तब्येतीसाठी, छापखान्यासाठी, शाळेच्या परीक्षांसाठी भराभर मागायची आणि आमेन म्हणून मोकळी व्हायची. जे हवं होतं त्याचं नाव मी वर्षानुवर्षं काढलं नव्हतं. देवाशी कट्टी केली होती म्हणा ना. त्या संध्याकाळी मी ते नाव काढलं. मोठ्याने, यांच्यासमोर, सासूबाईंसमोर. म्हटलं, देवा, आम्हाला मूल हवंय आणि माझा धीर संपलाय, तो आधी दे. सासूबाईंचं आमेन एवढं मोठं होतं की पलीकडून मावशींनीही आमेन म्हटल्याचं ऐकू आलं.

त्यानंतर लगेच काही झालं नाही. गोष्टींमध्ये होतं तसं होत नाही. स्वेटर कडुनिंबाचा पाला घालून कपड्यांच्या पत्र्याच्या पेटीत गेला. उन्हाळे आले, गेले. सासूबाईंनी दर वर्षी नवा स्वेटर विणला, दर वर्षी तो कोणाच्या ना कोणाच्या बाळाला गेला, आणि मी लडी धरून बसत राहिले. पण आता मला त्यात आनंद वाटायला लागला होता. हे सुटीच्या दिवशी पेटी उघडून स्वेटर उन्हात टाकायचे, संध्याकाळी घडी करून आत ठेवायचे, आणि त्या दिवसांत बोलायची वाक्यं दोनाची चार झाली होती. वाट तीच होती, पण ती आता घरातल्या सणासारखी तिघांची झाली होती. भाजीबाजारात कोणाच्या बाळाच्या अंगात सासूबाईंची वीण दिसली की मी थांबून त्याचा गालगुच्चा घ्यायची आणि वांगीही घेऊन यायची. पेटीवाल्यांना आणि मावशींना मात्र लोकांनी पुढे कैक वर्षं चिडवलं. दोघांनी ते हसत सोसलं आणि आमचं नाव कधी कोणापुढे काढलं नाही.

आणि मग, आता दुसऱ्या कोणाच्या बारशाला काय न्यायचं याचाच विचार करायची सवय झालेली असताना, मला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तरी माझा विश्वास बसेना. मी मावशींकडून पुन्हा खात्री करून घेतली. मावशी म्हणाल्या, “बाई गं, मी एवढी बाळंतपणं पाहिली, मी फसेन होय?” घरी आले तेव्हा सासूबाई पडवीत होत्या. सांगितलं. त्यांनी सुया खाली ठेवल्या, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि ‘देव शे ना’ म्हणायला तोंड उघडलं, पण त्या वेळी त्यांनाच ते म्हणता येईना. मग मी म्हटलं, “देव शे ना, आई.” माझा उच्चार ऐकून त्या रडता रडता हसल्या.

मुलगी झाली ती भर मे महिन्यात. नाशिकची थंडी सगळ्यांना माहीत, पण नाशिकचा मेसुद्धा काही कमी नसतो. दवाखान्यात पंखा गरम वारा फेकत होता, बाहेर झाडाला कैऱ्या लटकल्या होत्या, आणि हे इतक्या वर्षांचा तो स्वेटर छातीशी धरून दारात उभे. सासूबाईंनी बाळाकडे पाहिलं, स्वेटरकडे पाहिलं, कपाळाला हात लावला. “देवाचं सारं बराबर असतं,” म्हणाल्या, “पन लोकरीचं तेवढं त्यानं आमाला इचारलं नाय.”

लेक बाळसेदार निघाली. पावसाळा सरून थंडी पडायला लागली तेव्हा आम्ही मोठ्या हौसेने पेटी उघडली. एक हात कसाबसा आत गेला, दुसरा कोपरावरच अडकला, आणि बटणं पोटावर लागेनात. पोरीने भोंगा पसरला. आम्ही तिघं पोट धरधरून हसलो. ज्या स्वेटरसाठी एवढी बोली लागली, तो आमच्या लेकीने उभ्या जन्मात एक मिनिट घातला.

“पुन्हा देवाला,” सासूबाई म्हणाल्या. यांनी मान हलवली. मीच त्याला इस्त्री केली.

त्या वर्षीच्या हंगामाच्या सणाला मी लेकीला मांडीवर घेऊन बसले. पी.टी.च्या मास्तरांनी स्वेटर उचलून धरला. “हा ओळखीचा वाटतो,” म्हणाले, आणि मांडवात खसखस पिकली. एव्हाना आमची हकीकत सगळ्यांना कळली होती. मीच सांगितली होती, घरोघर पेढे वाटताना.

मास्तरांनी बोली पुकारली. बायकांच्या बाजूने एक हात वर गेला. मावशींचा.

मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मावशी हसत नव्हत्या. हात वर धरून त्या सरळ समोर बघत होत्या. मावशी हात वर करतात तो स्वतःसाठी नाही, उघड मागता न येणाऱ्या कोणासाठी तरी, हे आता त्या मांडवातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. पलीकडे पेटीवाले सवयीने उठायला गेले, तर यांनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं. दुसरी बोली आली नाही. एका लिंबावर अर्धा तास घालवणारे ते मास्तर, त्यांनी एका दमात एकवार, दोनवार, तीनवार म्हटलं आणि स्वेटर घडी करून मावशींच्या हातात दिला. मग लगेच मोठ्याने भोपळा पुकारायला घेतला.

मी मागे वळून पाहिलं नाही. सासूबाईंनीही पाहिलं नाही. एकाही बाईने मान वळवली नाही. फक्त माझ्या मांडीवरची आमची पोर माझ्या खांद्यावर चढून, मागच्या रांगेतल्या कोणाकडे तरी बघून, बोळकं पसरून हसत होती.